बायनाबाईच्या हातातला हात

आधीच सांगून टाकते, भूतबित, भानामती, अंगात येणं या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आले. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू उचलून स्टाफरूममध्ये सरबत करून प्यायलेली बाई आहे मी! त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा माझी मलाच लाज वाटली.

पण इलाज नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. दुसऱ्याचं मी टाळते आहे. माझी लेक मीनल रोज डोकं खाते — "आई, दहा मिनिटांचं काम आहे गं, एक डोळा झाला ना व्यवस्थित, मग आता कसली भीती?" तिला तोंडाने सांगायला गेले की मी भलताच विषय काढते. म्हणून लिहिते आहे. तिने वाचलं तर वाचू दे एकदाचं.

साल चौऱ्याहत्तर असावं, फार तर पंचाहत्तर. मी नागपूरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमचं घर गांधीबागेच्या मागच्या गल्लीत, बाबा तिथेच कापडाच्या दुकानात सेल्समन. कॉलेजचं एक समाजसेवा पथक होतं. त्यात नाव घातलं की बाहेरगावी जायला मिळायचं आणि घरून परवानगीही मिळायची, एवढाच माझा सेवाभाव. खोटं कशाला बोलू? एरवी पथकाचं काम म्हणजे दोन टोपल्या माती उचलायची, एखादा शोषखड्डा खणायचा, गावकऱ्यांना स्वच्छतेवर भाषण द्यायचं आणि शेवटी बॅनरखाली उभं राहून फोटो काढायचा. त्या वर्षी मात्र डिसेंबरच्या सुट्टीत नागपूरजवळच्या खाप्याला डोळ्यांचं शिबिर होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. आम्ही सोळा जण. आठ मुली, आठ मुलं, आणि सोबत बॉटनीचे देशकर सर.

आजच्यासारखं नव्हतं तेव्हा, की सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्ही. ऑपरेशननंतर पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. उठायचं नाही, कूस बदलायची नाही, जोरात खोकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. टाके उसवले की डोळा गेला. आणि पट्टी दोन्ही डोळ्यांवर, कारण एक डोळा हलला की दुसराही हलतो. म्हणजे माणूस पाच-सहा दिवस ठार आंधळा.

तिथल्या शाळेच्या वर्गांचे वॉर्ड केले होते. बायकांचा वॉर्ड म्हणजे चौथीचा वर्ग. खाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, त्यावर सतरंज्या, समोरासमोर दोन ओळींत बारा बायका. भिंतीवर पाढे रंगवलेले, खिडकीतून शाळेचं पटांगण दिसायचं.

देशकर सर कडक. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हा सोळाही जणांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या आणि अर्धा तास जमिनीवर उताणं झोपवलं. सुरुवातीला आम्ही खिदळलो. मग कोणीतरी न बोलता माझ्या हाताला हात लावला आणि मी केवढ्यांदा किंचाळले! सरच होते. म्हणाले, "कळलं? आता नियम ऐका. पेशंटला हात लावला की पहिल्यांदा आपलं नाव सांगायचं. पाळी बदलताना पेशंटचा हात आपल्या हातातून दुसरीच्या हातात द्यायचा. नुसतं उठून जायचं नाही. हात सोपवायचा." जी सुटायची तिला सर दारातून म्हणायचे, "जा, आराम कर. पुढची पाळी सांगू तेव्हा ये." दोन दिवसांत हे वाक्य आम्हा सगळ्यांच्या तोंडात बसलं.

माझ्याकडे बायनाबाई होती. साठीची असेल, काडीसारखी बारीक. खाप्यात विणकरांची घरं पुष्कळ. ही त्यांच्यासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरून द्यायची. एक डोळा कोण्या वैदूने औषध घालून घालवलेला. आता राहिलेल्या एकाचं ऑपरेशन. नवरा नाही, लेकरू नाही, राहायची बहिणीच्या मुलाकडे.

"माह्या भाच्यानं सांगून ठेवलं हाय," ती मला म्हणाली होती. "डोया आला तं घरी ये, नाही तं तुहं तू पाह्य. मले बाकी काही पाह्याचं नाही वं पोरी. दोरा दिसला पायजे. तुटला का नाही तुटला, तेवढा दोरा दिसला म्हंजे झालं."

तिला एकच खोड. हात रिकामा राहिला की घाबरायची. हवेत चाचपायची आणि उठून बसायला जायची. दुसऱ्या दिवशी अशीच अर्धी उठली. डॉक्टर तिला नाही, मलाच ओरडले — पुन्हा एकदा असं झालं तर हा डोळा मला परत बसवता येणार नाही, लक्षात ठेव.

तिसरा दिवस. दुपारचा एक, लख्ख ऊन. नागपूरहून फोटोग्राफर आला. कॉलेजच्या वार्षिकासाठी ग्रुप फोटो. बाहेरून सरांचा आवाज, "सगळे या, पाच मिनिटं फक्त!" मुली पदर सावरत पळाल्या. एका मुलीने मागे थांबायला हवं होतं आणि ती मीच, कारण पाळी माझी होती. पण मी त्या दिवशी मुद्दाम निळी साडी नेसले होते. बाबांनी दुकानातून आणलेली, नवी कोरी. सगळ्या फोटोत आणि मी एकटी आत? छे!

बायनाबाईने माझा हात घट्ट धरलेला. मी वाकून म्हटलं, "आजी, मी जरा जाते. ही दुसरी ताई बसली तुमच्याजवळ. हा घ्या तिचा हात." आणि अंगातला लोकरी स्वेटर काढला, त्याची बाही गुंडाळून तिच्या मुठीत दिली.

"नाव काय वं बाई तुहं?" बायनाबाईने विचारलं.

"तिचा घसा बसलाय आजी, बोलता येत नाही तिला. तुम्ही धरून ठेवा फक्त."

"बरं बरं," म्हणून तिने बाही छातीशी घेतली. मी पळाले. तिच्या डोळ्याला पट्टी होती म्हणून तर हे जमलं. एवढं सोपं खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

पाच मिनिटांची पंधरा झाली. परत आले तर दारातच थबकले. माझा स्वेटर घडी करून खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला. बाह्या आत घेऊन, नीट. बायनाबाई शांत पडून, तोंडावर हसू. तिचा डावा हात सतरंजीपासून वीतभर वर, बोटं मिटलेली. हातात काही नाही.

"आजी, मी शैला."

"आली का? तुही मैत्रीण लय चांगली हाय वं. हात थंडागार हाय तिचा, पण सोडला नाही तिनं."

मला वाटलं कुमुद. कुमुद म्हणजे माझी मैत्रीण, माझ्यानंतरची पाळी तिची. पण कुमुद तर फोटोत माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती! सगळेच होते. डॉक्टर जेवायला गेलेले, सिस्टर पुरुषांच्या वॉर्डात. मग वाटलं, गावातली एखादी बाई डोकावून गेली असेल. माणूस स्वतःची समजूत काढायला लागला की कुठून कुठून कारणं आणतो ना...

संध्याकाळी चहा द्यायला गेले तर पलीकडची यमुनाबाई म्हणाली, "आता नोको. थे मुकी पोरगी आत्ता पाणी पाजून गेली." मी म्हटलं, "कोण मुकी?" म्हणाली, "नाव नाही सांगत थे. तुमी सगळ्या नाव सांगता, थे नाही सांगत. म्हणून समजते, थेच हाय."

यमुनाबाईची हनुवटी ओली होती. गळ्यापर्यंत ओघळ गेलेला. पेला पालथा घालून ठेवलेला. मी कुमुदला विचारलं, बाकीच्यांना विचारलं. कोणीच पाणी पाजलं नव्हतं.  बारा बायका, बाराही जणींच्या डोळ्यांवर पट्टी, आणि त्यांच्यात कोणीतरी फिरत होतं. डोळे उघडे असलेल्या आम्हालाच ते दिसत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर तपासून गेले. बायनाबाईचा डोळा छान आहे म्हणाले. अकराच्या सुमारास मी तिच्याकडे गेले, नाव सांगितलं, हात पुढे केला. तिने घेतला नाही.

"तू जा, पोरी. थे हाय न माह्यापाशी." मग हळूच म्हणाली, "घसा उघडला वं तिचा. बोलून राहिली आता."

मी म्हटलं, "काय... काय बोलते?"

"म्हणते, मले कोणीच पाह्यलं नाही. आजी, पट्टी सोड अन् तू पाह्य मले." आणि तिचा उजवा हात कानामागे पट्टीच्या गाठीवर गेला.

मी झडप घालून तो हात धरला. "नाही आजी! पट्टी सोडायची नाही! डोळा जाईल!"

"एक बार पाह्यतो न. लहान हाय वं थे, रडून राहिली."

"आजी, ऐका! तिथे कोणी नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी. फोटोला जायचं होतं म्हणून खोटं बोलले. तुमच्या हातात मी स्वेटर दिला होता, माझा स्वेटर! कोणी नव्हतं तिथे!"

 बायनाबाई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मंग हा कोणाचा हात हाय वं माह्या हातात?"

मी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो पुन्हा वीतभर वर होता. खिडकीतून ऊन सरळ त्यावर पडलेलं. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, दाबली की दिसते. तिच्या पंजाच्या पाठीवर चार खळगे पडले होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यातला एक भरून आला आणि त्याच्या शेजारी नवा पडला. बोट जरा सरकवून नीट धरावं, तसा.

  पळून जावंसं वाटत होतं, पण मी उजवा हात सोडला असता तर तिने गाठ ओढली असती. कुमुद त्याच खोलीत, दहा पावलांवर, पाठमोरी बसून कोणाला तरी भात भरवत होती. इतकं सगळं साधं, रोजच्यासारखं चाललेलं. आणि मला दुसरं काही सुचलं नाही हो. देव आठवला नाही, मंत्र येत नव्हता. जे दिवसातून दहा वेळा म्हणायची सवय झाली होती, तेच तोंडातून निघालं.

"मी शैला. माझी पाळी सुरू झाली. हात द्या."

आणि त्या वर उचललेल्या हाताखाली मी माझा डावा हात धरला. क्षणभर काही झालं नाही. मग बायनाबाईचा हात माझ्या हातात पडला. सोपवला गेला. आणि त्याच्यावरून, माझ्या बोटांवरून, आणखी एक हात गेला. ओल्या फडक्यासारखा गार आणि आकाराने लहान. रेंगाळला. जाईना.

मी कसंबसं म्हटलं, "तू जा, आराम कर. पुढची पाळी सांगू तेव्हा ये."

गारवा गेला. बायनाबाईने मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "गेली वं बापा. नाराज होऊन गेली."

त्यानंतर पट्टी सुटेपर्यंत मी तिथून हलले नाही. तिथेच जेवले, तिथेच तिच्या हाताला हात लावून झोपले. कुमुदला वाटलं मला सेवेचं वेड लागलं. देशकर सरांनी तर कॉलेजमध्ये सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, उत्कृष्ट स्वयंसेविका म्हणून प्रमाणपत्र दिलं. मी ते घेतलं. सरांना खरं सांगायची हिंमत मला तेव्हाही झाली नाही आणि नंतरही नाही.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी बायनाबाईची पट्टी सोडली, जाड भिंगांचा चष्मा लावला आणि दोन बोटं दाखवली. "दोन," ती म्हणाली. माझ्याकडे शिवणाचा पांढरा दोरा होता. मी तो तिच्यासमोर ताणून धरला आणि मधोमध तोडला.

"तुटला!" बायनाबाई केवढ्यांदा ओरडली. "तुटला वं माय! दिसला मले!" ती हसत होती. मी मात्र रडत होते. भाचाही आला होता, त्याने तिचं गाठोडं उचललं.

निघताना तिने आम्हा आठही मुलींना जवळ बोलावलं. एकेकीचा चेहरा पाहिला, एकेकीचा हात हातात घेऊन पाहिला. शेवटी माझा. मान हलवून म्हणाली, "यातली नाही थे." आणि मग माझ्या कानाशी येऊन — "म्या पाह्यलं असतं तिले. एक बारच पाह्यचं होतं. तू काहून हाकललं वं?"

मी तिचा चष्मा नाकावर नीट बसवून दिला.

मी चौकशी केली, सोडली नाही. शाळेच्या चपराशाला विचारलं, तिथे कधी कोणी मुलगी दगावली होती का, काही झालं होतं का. तो हसला. म्हणाला, बाई, नवी शाळा हाय, इथं साधा साप नाही निघाला कधी. विहीर नाही, फाशी नाही, काही नाही. खरं सांगते, कोणी मेलेलं निघालं असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान ती आधीपासून तिथे होती, एवढं तरी ठरलं असतं. ग्रुप फोटो पुढे वार्षिकात छापून आला. मी तो भिंगाखाली धरून पाहिला. सोळा जण आणि सर. निळी साडी काळी-पांढरी दिसते आहे. मागे आमच्या वॉर्डची खिडकी आहे, तिच्यात काही दिसत नाही. तो फोटो एवढंच सांगतो की त्या वेळी आम्ही सगळे बाहेर होतो.

त्यानंतर लग्न, नोकरी, मीनल, मनीषनगरचा फ्लॅट. विसरले असं नाही, पण भीती मऊ पडली. नंतर नंतर मी स्वतःलाच शिकवायला लागले की तरुण वय, जागरण, अपराधी मन, झाले असतील भास. पोरांना शिकवायचे तसंच.

मग दिवाळीनंतरचं माझं ऑपरेशन.

चांगलं हॉस्पिटल, चांगले डॉक्टर, त्यांच्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. मला आडवं केलं आणि तोंडावर हिरवा कपडा टाकला. ज्या डोळ्याचं काम तेवढ्यापुरतं भोक, आणि त्यातही नुसता पांढरा झगझगीत उजेड. बाकी काही दिसत नाही.  सिस्टरचा आवाज आला, "आजी, हलायचं नाही हं. ही दुसरी सिस्टर बसली आहे तुमच्याजवळ, तिचा हात धरून ठेवा."

माझ्या डाव्या हातात हात आला.

गार होता. मी मनात म्हटलं, ए.सी. आहे, हातमोजे असतील. लहान होता. म्हटलं, असते एखादी नाजूक पोरगी. मग मी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

उत्तर नाही. डॉक्टर म्हणाले, "आजी, बोलू नका." आणि त्या हाताने एक बोट जरासं सरकवून मला नीट धरलं.

बाहेर आल्यावर मी त्या सिस्टरला विचारलं, माझा हात कोणी धरला होता? ती हसली. "कोणी नाही हो आजी. आत आम्ही दोघीच, आमचे हात कामात. म्हातारी माणसं हलू नयेत म्हणून सगळ्यांनाच तसं सांगतो. बरं वाटतं त्यांना."

तिला रागवायचा मला काय हक्क? मी डावा हात उलटा करून पाहिला. आता माझीही कातडी सैल झाली आहे.

काय होतं ते, मला आजही माहीत नाही. ज्यांना कळत असेल त्यांनी सांगावं, मी ऐकून घेईन, हसणार नाही. मला एवढंच समजतं की चौऱ्याहत्तर साली पुढची पाळी सांगू असं मी म्हटलं होतं, आणि त्या सिस्टरच्या तोंडून ती सांगितली गेली. आणि त्या टेबलावर डॉक्टरांनी बोलू नका म्हटलं आणि "जा, आराम कर" म्हणायचं राहूनच गेलं. घरी आल्यावर रिकाम्या खोलीत दहा वेळा म्हणून पाहिलं. ऐकणारं कोणी असेल तर ते ऐकत नाही. मला दुसऱ्या डोळ्याची भीती आहे ती यामुळे. पुन्हा तो हिरवा कपडा तोंडावर आला की ती काय मागेल, ते मला ठाऊक आहे. आणि या वेळी मला नाही म्हणवेल की नाही, ते सांगता येत नाही.

मीनल आत्ताच गॅलरीत येऊन गेली. म्हणाली, "आई, एवढं ऊन आहे आणि हात शालीत कशाला गुंडाळून बसलीस?"

मी म्हटलं, "डावा हात जरा गार पडतो गं."